जागा कमी आहे

टॅब म्हणतो, जागा संपत आली.
समोर गिऱ्हाईक उभं, वर्तमानपत्रावर पाय ठेवून,
माझी पेन्सिल अंगठ्यावरून निघून
टाचेला वळसा घालून परत आलेली,
नुसता फोटो घ्यायचा राहिलाय
आणि हा म्हणतो, जागा नाही.

सुमेधनं आणून दिला, माझ्या भाच्यानं.
मावशी, कागदांना वाळवी लागती,
पाय ह्यात ठेवत जा.
तीन वर्षं ठेवतेय.
सुभाषनगरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत
आता दोन हजार पाय आहेत
आणि चाहूल कुणाचीच नाही.

राजारामपुरीतला दुकानातला पोरगा म्हणाला,
आधी कॅश रिकामी करा.
म्हटलं, गल्ला कालच रिकामा झाला, बाबा.
तो हसला नाही.
बोटानं वर सरकवत दाखवत गेला, कोण किती खातंय:
गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ, चार जीबी,
नणंदेच्या दिराचं लग्न, दोनदा,
आणि 'इतर'.
इतर म्हणजे काय रे?
ते कुणालाच माहीत नसतंय, मावशी. असतंय.

कार्ड दाखवलं, करंगळीच्या नखाएवढं.
चाळीस हजार पाय मावतील म्हणाला.
मग टॅब उलटा केला, कडेकडेनं नख फिरवलं,
ह्याला खाचच नाही.

कातडं बरं.
पहिले चार दिवस चावतं,
मग तेल पाजलं, उन्हात टेकवून ठेवलं
की करंगळीपाशी आपोआप फुगतं,
ज्याचा पाय त्याला जागा करून देतं.
हे आपलं ताठच्या ताठ.

रात्री बसले मग. वेणी घालायची कापशी बाजूला ठेवली.
फुलं गेली. लग्नही गेलं, दोन्ही वेळचं.
तरी अजून थोडी करा म्हणतो.

मुजावरांच्या शमीमचे सहा पाय, दर ईदेला एक.
पाच काढले.
सहावा आता इचलकरंजीत नांदतोय, तो ठेवला.
सदबा मगदूम पैलवानाला एक कागद पुरला नव्हता,
दोन जोडलेले, मधे डिंकाचा डाग.
राहू दे.
एकाचं नावच लिहिलं नाही मी. पैसे देऊन गेला,
आलाच नाही. जोडी खिळ्याला अजून आहे.
तो पाय काढायचा कसा, उद्या आला म्हणजे?

आणि हुपरे. दिनकर हुपरे, डावा, उजवा.
साखरेनं डावा गेला, गुडघ्याखालून, दिवाळीच्या आत.
परवा आले होते, रिक्षातूनच हाक मारली,
एकच करा, उजवी. पैसे निम्मे लागतील न्हवं?
मी खाली बघत म्हटलं,
डाव्याचा फोटो आहे माझ्याकडं. ठेवू?
काढा की, म्हणाले.
डॉक्टरनं काढलाच हाय, तुम्ही कशाला सांभाळताय?
आणि आधी तेच हसले,
मग रिक्षावाला.

दाबलं.
टॅबनं विचारलं, खात्री आहे?
माझी काय खात्री. त्यांनी सांगितलं म्हणून.
तीन एमबी जागा झाली.
उभा माणूस पेलणारा पाय,
भवानी मंडपापासून रंकाळ्यापर्यंत रोज चाललेला,
तीन.

पोरगा म्हणाला होता, काढलेलं लगेच जात नसतंय,
कचऱ्याच्या डब्यात तीस दिवस राहतंय,
मन बदललं तर.
आज सव्विसावा.

उजवी तयार झाली. दुहेरी तळ, सात पदरी वेणी.
हुपरे उंबऱ्याशी उभे राहिले,
घातली, वजन टाकून बघितलं,
खोलीभर एक फेरी मारली.
कर्र.
काठी.
कर्र.
काठी.
वाजती की झकास, म्हणाले.
आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी मी कागद अंथरला.