चौतीस

टॉडमॉर्डनच्या औषधदुकानाबाहेर
शिडीवर मी, हातमोजा दातांत.
बटणं पडद्याच्या पाठीमागं, दिसत नाहीत;
पाठीवरची खाज शोधावी तसं
बोट अंदाजानं सरकतं.
मेनू उघडतो. दहा सेकंद घुटमळलं
की निघून जातो, न सांगता.

तक्रार समोरच्या खिडकीतली:
मिसेस ऑर्मरॉड, पहिला मजला.
रात्रभर फ्लूच्या लसीची जाहिरात
तिच्या उशीवर निळी, मग हिरवी, मग निळी.
शंभरावरून ऐंशी. साठ. चाळीस.
पडद्यातली हसरी नर्स
हळूहळू आजारी दिसायला लागली.
बावीस. उतरलो.

गुरुवारी फोन. तीच.
झोप लागते म्हणाली, छान लागते,
पण पहाटे पाण्याला उठले
तर घर कुठं आहे तेच कळेना.
इतक्या महिन्यांत दिवा लावायची
सवयच गेली बघा.

पुन्हा शिडी.
ती खिडकीत, गाऊनवर कोट,
बोटांनी खुणावत: अजून. थोडं अजून.
अठ्ठावीस. एकतीस.
चौतीसवर तिनं
पंगतीत वाढप्याला धरावा तसा
आडवा हात धरला.

मी बटण सोडलं.
मेनू आपणहून गेला. चौतीस राहिलं.