सातवी नोंद

आठ मिनिटं. सहाव्याला घंटा.
असं पत्रात लिहिलं होतं,
आणि खाली: जेवणाचं कूपन हरवू नये.

पेडण्याहून पहाटेची कदंबा, म्हापशाला बदलून
ताळगावच्या पठारावर पोचले.
शोधनिबंधाचं नाव माझ्या नावापेक्षा लांब:
अगरवाड्याच्या मिठागरांतील खारटपणा आणि उत्पन्न,
वीस दिवसांची निरीक्षणं.
लेखक दोन. पहिले कुंकळ्येकर सर,
दुसरी मी.
सर आगरात एकदाच आले, बूट हातात घेऊन.
पण यंत्र त्यांनी दिलं, नोंदणीचे पैसे त्यांनी भरले,
आणि निरीक्षण म्हणजे काय हे सांगणारे
आमच्या घरात तेच पहिले.
हेही खरं.

वीस दिवस मी पाण्याचा थेंब
काचेवर ठेवून उजेडाकडे धरत होते.
सगूणकाका बोट बुडवून जिभेला लावायचा,
थुंकायचा, आकडा सांगायचा नाही.
"आज धरतलें." किंवा "आज धरचें ना."

सातव्या दिवशी यंत्र म्हणालं, धरेल.
काका म्हणाला, "ना. वारो फिरलो."
नाही धरलं.

आलेखात तो एकच ठिपका
रेषा सोडून खाली उभा राहिला,
उशिरा आलेला मुलगा वर्गाच्या दारात राहतो तसा.
सर म्हणाले, काढ त्याला.
नियतकालिकाला सरळ रेषा आवडते.
मी एक कळ दाबली.
इतकं सोपं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

सभागृहात थंडी.
माझ्याआधी मडगावचा मुलगा खेकड्यांवर
अकरा मिनिटं बोलला, घंटेलाही न जुमानता.
मग मी. पडद्यावर रेषा वर गेली,
आगरात कधी कुठलीच गोष्ट जात नाही
इतकी सुरळीत.

मागच्या रांगेतून एक हात.
विद्यार्थीच असावा, काणकोणकडचा:
"सहानंतर एकदम आठ? सात खंय गेलो?"

लोक हसले.
सर पहिल्या रांगेत पेनाचं टोपण
लावत होते, काढत होते.
मी म्हटलं, काढला.
का?
घंटा वाजली.
उत्तर मी घंटेवरूनच बोलले,
कुणाला किती ऐकू गेलं माहीत नाही:
वारा फिरला होता. सगूण नाग्वेकरांना कळलं,
आम्हाला नाही.

जेवणात सोलकढी अळणी.
मीठ मागितलं तर पुडी आली,
कच्छची.

प्रमाणपत्रावर सुलक्षाची सुरक्षा झाली होती.
दुरुस्तीला रांग होती. नाही थांबले.

नऊ महिन्यांनी अंक आला.
आभारात प्राचार्य, ग्रंथपाल, एक बँक.
काका "स्थानिक कामगार" ह्या दोन शब्दांत मावला.
त्याने पान चाचपलं,
बोट रेषेवरून वर नेलं, सहाच्या पुढे थांबला,
की मला तसं वाटलं. वाचता त्याला बेताचंच येतं.
म्हणाला, "कागद बरो आसा. गुळगुळीत."

सर पुढच्या परिषदेसाठी विषय विचारतायत.
सांगते म्हटलंय.

आज ग्रंथालयात वहीत सही करून अंक काढला,
पान एकशे बेचाळीस.
पेन्सिलीने, सहा आणि आठच्या मधे,
रेषेच्या खूप खाली
एक ठिपका दिला.
बाजूला बारीक अक्षरात: वारा फिरला.

ग्रंथपालबाई चहाहून परतल्या. मी अंक मिटला.
पुस्तकांत लिहू नये, अशी पाटी
माझ्या डोक्यावरच होती.