माप

हेमांगी गुप्तेंच्या पियानोची पानं मी उलटतो.
मला नोटेशन येत नाही. भूमापन कचेरीत
एकतीस वर्षं नकाशे वाचले, तेवढंच.
त्या हनुवटी किंचित वर करतात, मी पान उलटतो.
बारला 'माप' हा शब्द माझा. त्यांनी तो चालवून घेतला.

बडोदं, दांडिया बाजार, दुसरा मजला,
खाली सेव-उसळीची गाडी.
लाकूड तडकू नये म्हणून पियानोच्या पोटात पाण्याची वाटी,
आणि स्टँडवर फिनलंड :
शंभर वर्षांपूर्वीच्या एका बाईची वही,
तिकडच्या ग्रंथालयानं फोटो काढून पाठवलेली.
वहीवर नाव नवऱ्याचं. त्याची लाकडाची वखार होती.

चौदाव्या मापावर पेन्सिलीनं तीन शब्द :
माइतो, हीवा, लंका.
शेवटच्यावर मी म्हटलं, हा तर आपला रावण.
त्या हसल्या नाहीत. संगीताचे कोश उपसत होत्या.
हळू? श्वास घेऊन? डावा हात दाबून?
तीन आठवडे ते एक माप
तीन तऱ्हांनी वाजवलं,
मी तिन्ही वेळा म्हणालो, छान.

मग ग्रंथालयाचं उत्तर आलं :
दूध, यीस्ट, दोरा.

तेव्हा मात्र हसल्या, चष्मा काढून.
मग कपाटातून स्वतःची जुनी पुस्तकं काढली.
एका सोनाटाच्या काठावर त्यांचंच अक्षर :
सिलिंडर. फी. सासूबाईंचा एक्स-रे.

प्रबंधात तळटीप एकसष्ट :
'शब्दांचा अर्थ लागला. वादनाची सूचना नव्हे.'
मार्गदर्शकांनी ती खोडली.

काल कार्यक्रम झाला. सव्वीस माणसं, दोन पंखे.
चौदाव्या मापाशी त्या थांबल्या.
हात पट्ट्यांवर, हनुवटी खालीच.
लोकांना वाटलं, विसरल्या.
पहिल्या रांगेतल्या त्यांच्या विद्यार्थिनीनं
लाजून डोळे मिटून घेतले.
मी पानाचा कोपरा धरून उभा,
आणि सवयीनं मोजत होतो : नऊ, दहा, अकरा.
मग डावा हात एकटाच पुढे निघाला,
कोणीतरी बाहेरून येऊन
पिशवी ठेवावी तसा.

रात्री घरी बायकोच्या डब्यातून
मी सुई काढली. कधी काढली नव्हती.
दोरा ओवायला मला
चार मिनिटं लागली.