त्यांचा नऊ

मुद्देमाल खोलीची किल्ली तीन वर्षं माझ्या कमरेला.
स्फोट आमच्या हद्दीत नव्हताच.
आमच्याकडं आली एक पांढरी पिशवी,
लाखेच्या पाच मोहोरा,
आत विडीच्या बंडलाचा कागद, त्यावर पेन्सिलीनं
मोटारसायकलचा नंबर. निपाणीच्या वखारीतल्या
राखणदारानं रात्री दोनला टिपलेला.
कानडीत.

कागलचा नाका ओलांडला की निपाणी.
पण कागद आला बेळगाव, बेंगळूर, दिल्ली, मुंबई करत,
आणि जाईल तिथं जावक क्रमांक वाढवत.
विश्रामगृहात संयुक्त बैठक झाली, काजू आले.
दोन्ही राज्यांच्या पाट्या एका उंचीच्या आहेत ना
हे मी पट्टी लावून बघितलं.
'सहकार्य अपेक्षित आहे' असं
सगळ्यांनी सगळ्यांना लिहिलं.

नंबराच्या शेवटी सहा.
सहा म्हणजे हुपरीचा अण्णासो गाट,
पैंजणाला घुंगरं जोडणारा.
अकरा वेळा बोलावला. दर वेळी वेगळं पथक,
प्रश्न तेच. बाकावर बसायचा,
बोटांवर डाक लावल्याचे काळे डाग,
डबा मांडीवर, न उघडलेला.

मग एका शुक्रवारी, भलत्याच पोचपावतीसाठी
मी निपाणीला फोन लावला.
पलीकडं हवालदार कडकोळ.
म्हणाले, "बाई, सहा कुठला?
आमचा नऊ तुमच्या सहासारखा दिसतो की.
ओंबत्तु आहे ते. ओंबत्तु."
मी कागद ट्यूबलाइटखाली धरला.
किती वेळ धरला, डायरीत नोंद नाही.

नवावरनं आठ दिवसांत माणूस सापडला, तिसऱ्याच राज्यात.
पेपरात पाच यंत्रणांची नावं आली, मोठीपासून धाकटीपर्यंत.
कडकोळांचं नव्हतं. राखणदाराचं तर
कुणाला आठवतही नव्हतं.

एकोणतीस तारखेला अण्णासो आला, ठरल्याप्रमाणं.
त्याला कळवायचं कुणी, याचा नमुनाच नाही.
मी म्हटलं, "आता यायचं नाही."
तो उठला नाही.
"लिहून द्या," म्हणाला. "पुढच्याला दाखवायला."

कोरा कागद घेतला. शिक्का मारायचा
मला अधिकार नव्हता. मारला.
तारीख अक्षरी लिहिली.