आदर्श डायोड समजा

जेटीवर, फेरीची वाट बघणाऱ्यांच्या बाकड्यापाशी
सिग्नल बरा येतो.
तिथं उभी राहून मी एकेक व्याख्यान उतरवून घ्यायचे,
सगळ्यांत हलक्या प्रतीचं. शिकवणं फुकट, डेटा नव्हे.
त्यामुळे सरांना चेहरा नव्हता.
एक स्वेटर, आणि फळ्यावर खडूची धुरकट लगबग.
तिकडं थंडी असावी,
मागच्या बाकावर कुणीतरी सारखं खोकायचं.
"हा मरणार," ओदोयो म्हणायचा,
"पास व्हायच्या आधी."
रात्री शेडमध्ये आम्ही दोघं एकाच फोनवर वाकून.

"आदर्श डायोड समजा," सर म्हणाले.
मला समजला नाही. मागं नेलं, पुन्हा लावलं.
एकीकडून दार सताड, दुसरीकडून भिंत.
त्रिकोण, आणि त्याच्या टोकाला आडवी रेघ.
पण टोक डावीकडं की उजवीकडं
ते त्या धुक्यात दिसेना.
मी वहीत दोन्ही काढून ठेवले.

माझं दुकान म्हणजे पत्र्यावर दोन पॅनल,
आत ट्रकची जुनी बॅटरी, भिंतीला बावीस कंदील.
काळोख्या रात्री रुसिंगाच्या होड्या लोल्वे सरोवरात शिरतात,
तराफ्यांवर कंदील सोडून देतात,
आणि बोटाएवढे ओमेना मासे
उजेडाला भुलून वर येतात.
कंदील मध्येच मेला की होडी रिकामी,
आणि उजाडताना माझ्या दारात शिव्या.

त्या महिन्यात फार शिव्या झाल्या.
मीटर सांगायचा: संध्याकाळी बारा पूर्णांक सात,
पहाटे बारा पूर्णांक एक.
रात्री शेडमध्ये एकटा ओदोयो निजायचा.
दोस्तांचे फोन भरून देत असणार, पैसे खिशात.
हे मी त्याला बोलले
मासे वाळत घातलेल्या जाळ्यांपाशी, बायकांच्या देखत.
त्यानं चटई गुंडाळली. होमा बे, भावाकडं.

तो गेल्यावरही पहाटे बारा पूर्णांक एकच.
मी मीटरला दोष दिला.
चार दिवस दिला.

मग सहावं व्याख्यान.
सरांनी वर्गाला विचारलं,
रात्री पॅनल काय करतो?
वर्ग गप्प. खोकलासुद्धा गप्प.
जेटीवर फेरीचा भोंगा वाजला, माणसं उठली,
मी तशीच कानाला फोन लावून.
दिवसभर देतो, सर म्हणाले,
आणि अंधार पडला की
तुम्ही अडवलं नाहीत तर
परत पितो.

बिघडलेल्या इन्व्हर्टरमधून एक जाडसा डायोड काढला,
काळं अंग, एका टोकाला रुपेरी पट्टी.
आधी उलटा लागला: दुपारभर बॅटरीत काही शिरेना.
मग सुलटा.
संध्याकाळी बारा पूर्णांक सहा.
पहाटेही तेवढंच, एखादा केस कमी.
मी मीटर दोनदा काढून लावला
आणि मग तिथंच पोत्यावर बसले.

सातव्यात सर म्हणतात, खरा डायोड आदर्श नसतो.
शून्य पूर्णांक सात व्होल्ट आधी स्वतः ठेवून घेतो,
मगच वाट देतो.
जकात, मी वहीत लिहिलं.

होमा बेच्या स्टँडवर ओदोयो कुणाचीतरी मोटरसायकल धूत होता.
वाटेत पाठ केलेलं सगळं तोंडाशी येऊन अडलं.
"बॅटरी आता उतरत नाही," एवढंच निघालं.
त्यानं फडकं पिळलं. "का?"
मी चपलेच्या टोकानं मातीत त्रिकोण काढला,
त्याला रेघ मारली.
तो बघत राहिला. मग पाण्याची बादली
बरोबर त्या चित्रावर ठेवली.
"चूक माझी होती," मी म्हणाले.
हे शब्द यायला किती लागलं
ते मोजायचं मीटर माझ्याकडं नाही.

तो परत येणार नव्हता. इथं रोजचे पैसे मिळतात.
माझा फोन मागितला, व्याख्यानं आपल्याकडं घेतली,
सहाव्यापासून पुढची.
फाइल सरकत होती, आम्ही दोघं पट्टी बघत होतो.

"तो खोकणारा," त्यानं वर न बघता विचारलं,
"बरा झाला?"
"अकराव्यात," मी म्हणाले.
"नाहीतर बाक बदलला असेल."