खूणकाठी

वेळू कधी तोडावा ते कांचनला मी
ती सात वर्षांची असताना सांगितलं होतं:
मार्गशीर्षात, अंधाऱ्या पंधरवड्यात,
म्हणजे भुंगा लागत नाही.
आता ती हे बर्फावरल्या साहेबांना सांगते
आणि ते वहीत लिहून घेतात म्हणे.

उत्तरकाशीच्या वर, पाच दिवस चालून गेलं की
एक हिमनदी आहे. तिला नाव नाही,
नकाशात नुसता नंबर.
तिथं माझी लेक वाफेच्या नळीनं भोक पाडते,
दहा मीटर खोल, मनगट जाईल एवढं,
आणि आत वेळू सोडते,
दोन-दोन मीटरचे पाच तुकडे, तारेनं जोडलेले.
मग निघून येते.
पुढल्या भादव्यात जाऊन बघते
वेळू किती वर आला.

वर आला? मी म्हणलं, वाढला का काय?
हसली.
वेळू जागच्या जागी असतो बाबा,
खाली बसतो तो बर्फ.

लोखंडी गज काहून नाही लावत?
म्हणली, गज उन्हानं तापतो,
भोवतालचा बर्फ खातो
आणि मग खोटं सांगतो.
वेळू थंड राहतो.
हे ऐकून मी उगंच
भिंतीला टेकवलेल्या सगळ्या वेळूंकडं एकदा बघून घेतलं.

आम्हा बुरुडांचं माप डोळ्यात.
कणगीला किती कामट्या लागतील
ते गिऱ्हाईक बोलायच्या आत कळतं.
तिचं तसं नाही. ती खड्डा खणते,
बर्फाची भिंत तासते,
पत्र्याच्या नळीत भरून तोलते,
ताज्याचं वजन वेगळं, जुन्याचं वेगळं.
भिंतीत काळपट रेघा असतात, धुळीच्या.
एक रेघ म्हणजे एक उन्हाळा.
म्हणजे पेर, मी म्हणलं.
थांबली जरा. मग म्हणली, व्हय, पेरच.
तिच्या तोंडून "व्हय" लई दिवसांनी ऐकलं.

मोबाईलवर दोन फोटो दाखवले.
एकच दगड, त्यावर लाल रंगानं साल लिहिलेलं.
एकात बर्फ दगडाला टेकलेला.
दुसऱ्यात दगड, मग गोटे, मग गढूळ पाणी,
आणि पार मागं, मळक्या गोधडीची कड दिसावी तसं
हिमनदीचं तोंड.
मी म्हणलं, तार चुकीची बांधलीस.
पेराच्या खाली दुहेरी पीळ दे.
चिडली.
मग फोटो मोठा करून बघत राहिली.

तिचं पाणी आपल्याकडं येतं का?
नाही.
थेंबभर पण?
नाही बाबा. आपली नदी पावसाची.
गंगाखेडात आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.
ह्या गंगेला बर्फ ठाऊक नाही.
मग तू कोणासाठी मोजतीस?
तिनं बशीतला उरलेला चहा पिऊन टाकला.

या खेपेला एक वेळू सोबत आणला,
परभणीला गाडी बदलताना
हमालाच्या हाती दिला नाही म्हणे.
सगळ्यात खालचा तुकडा.
भोकच उरलं नव्हतं,
उन्हात आडवा पडला होता.
अशा वेळी वहीत आकडा टाकता येत नाही,
नुसतं लिहायचं: दहापेक्षा जास्त.
किती जास्त, ते सांगायला काठी उभी नाही.

नखानं दाबून पाहिला. भुंगा नाही.
एका अंगानं पांढरा, दुसऱ्या अंगानं अजून पिवळा.
वीस-वीस सेंटिमीटरवर लाल पट्टे,
तिच्या अक्षरात आकडे.
फाडला तर एक बरं सूप होईल.
कोयता घेऊन बसलो.
पहिला घाव पेरावर घालावा का आकड्यावर,
ठरेना.
तेवढ्यात लाईट गेली, तसाच उठलो.

कांचन गेली त्या दिवशी
तिच्या आईनं तो वेळू दोन खिळ्यांवर आडवा टाकला
आणि वर ओल्या गोधड्या घातल्या.
शेजारचं पोरगं खालून वाचायला लागलं,
चाळीस, साठ, ऐंशी...
काका, हे माप कशाचं?
मी म्हणलं, आधी ते टोक धर,
घसरायलंय.