सोबत्याने भरायचा कागद

तुम्ही यांना किती वर्षं ओळखता?
पहिलाच प्रश्न. मी पेन हातात धरून
खिडकीबाहेरचं गोठलेलं सरोवर बघत बसलो.
छेचाळीस, लिहिलं.
त्यातली अकरा अबोल्याची,
होड्यांच्या शेडच्या एका भिंतीवरून.
त्यासाठी रकाना नव्हता.

ताइमी पलीकडच्या खोलीत आहे.
तिला शब्द देताहेत, काढून घेताहेत,
वीस मिनिटांनी परत मागताहेत,
शेजारणीकडे उसनी गेलेली वाटी मागावी तसे.

कुणी बोलावलं नव्हतं तिला.
बहीण इर्या शेवटी शेवटी
आरशातल्या बाईला कॉफी विचारायची.
तिला पुरलं, आणि पुढच्याच सोमवारी
ताइमी दोन तासांची बस करून या इस्पितळात आली.
म्हणाली, मेंदू आहे, बराचसा वापरून झालाय,
बघा, तुमच्या काही कामाचा असेल तर.

ते म्हणाले, सोबती लागेल.
तुम्हाला दहा वर्षांहून जास्त ओळखणारा.
नवरा नाही, मूल नाही, इर्या तर गेलेली.
त्या संध्याकाळी माझं दार वाजलं.
"दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तू," एवढंच बोलली.
अकरा वर्षांचा अबोला
संशोधनाच्या नियमाने सुटला.

सहा वर्षं झाली. दर मार्चमध्ये
राईचा पाव, उकडलेली अंडी, थर्मास,
आणि बसमध्ये खिडकीची जागा तिची.
रक्त देते. पाठीच्या कण्यातलं पाणी देते.
मेल्यावर मेंदू काढून घ्या, या कागदावर
तिने वाणसामानाच्या यादीसारखी सही केली.
एमआरआयच्या नळीतून बाहेर आली की म्हणते,
"अख्खं गाव एकदम फोन करतंय,
आणि जोडून द्यायला कोणी नाही."

एक्स्चेंजमध्ये होती ना ती. हाताने तारा जोडायची.
तीनशे बारा नंबर तोंडपाठ.
माझा अठ्ठ्याण्णव.
अजून मला नावाने हाक मारत नाही.

गेल्या वर्षभरात यांच्या स्मरणात फरक जाणवला?
होय. नाही. सांगता येत नाही.

तिसऱ्या चौकोनावर पेन बराच वेळ थांबलं.
त्या चौकोनात माझ्यासारखी किती माणसं
आजवर लपून बसली असतील.

ऑक्टोबरात ती मीठ मागायला आली. दिलं.
तासाभराने पुन्हा आली, तेच हसू, तीच वाटी.
दिलं. अंधार पडताना तिसऱ्यांदा.
मी डबा उपडा करून दिला
आणि त्या रात्री मासे अळणी खाल्ले.

आज सकाळी बसमध्ये म्हणाली,
"हे बघ, खोटं लिहू नकोस.
माझी भीड धरलीस तर माझं येणं फुकट.
मी काही बरी व्हायला येत नाही इथे."
मी हं म्हटलं.
पेट्रोल पंप गेला, लाकडाची वखार गेली,
आणि ती माझ्याकडे वळली.
"हे बघ, खोटं लिहू नकोस.
माझी भीड धरलीस तर..."
तेच शब्द. बोटही तसंच उगारलेलं.
मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हं म्हटलं.

होय, अशी खूण केली.
खाली उदाहरणासाठी दोन ओळी सोडलेल्या.
मी मिठाचं लिहिलं. बसमधलं नाही लिहिलं.
तेवढं माझ्याकडे राहू दे.

ती बाहेर आली तेव्हा
केसांत कसलातरी चिकट मलम होता.
परतीच्या बसमध्ये बोटं मोडत म्हणाली,
"पाच शब्द दिले होते त्यांनी.
घंटा. लोकर. पूल. जावई. लिंबू."
बरोबर की चूक, ते कोणाला सांगत नाहीत.

मग दुसऱ्या हाताचा अंगठा उघडला
आणि बर्फाकडे बघत बराच वेळ तसाच धरला.
"मीठ," ती म्हणाली.
"हा त्यांचा नव्हे, अठ्ठ्याण्णव.
हे तुझं. परत करायचं राहिलंय."